काळी पाच, एक मजला खाली

ऑफिसात माझ्या आवाजाचं नाव ‘जनरेटर’ आहे. पॅण्ट्रीच्या दारात उभा राहून मी नुसतं ‘एक कटिंग’ म्हटलं तरी तीन क्युबिकल पलीकडची मुलगी दचकून मान वर करते. क्लायण्टच्या कॉलवर मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो तेव्हा तिकडच्या मॅडमना वाटतं, आमच्याकडे कुणीतरी गेलंय. मॅनेजर म्हणतो, ‘जरा चिअरफुल बोल ना यार!’ आता आवाजच मंद्र सप्तकात राहायला असेल, तर माणसानं चिअर आणायचा कुठून?

हा आवाज मला कंपनीनं दिलेला नाही. तो मी घरून आणलाय. घर म्हणजे दारव्हा. जिल्हा यवतमाळ. (पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे नागपूरच्या जवळ ना?’ हो. पुणे जसं सोलापूरच्या जवळ, तसंच.) बाबा तिथल्या सहकारी बँकेत कॅशिअर होते. नोटा मोजताना त्यांना गुणगुणायची सवय. बँकेचा शिपाई सांगायचा, साहेब गायला लागले की काउण्टरची काच बोलते. मी दहावीत गेलो आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझाही आवाज जिना उतरल्यासारखा खाली गेला. तो थेट बाबांच्या आवाजाशेजारी जाऊन बसला. घरच्या लॅण्डलाइनवर मी ‘हॅलो’ म्हटलं की समोरचा माणूस सरळ एफडीच्या व्याजाबद्दल बोलायला लागायचा. मीही द्यायचो ठोकून उत्तरं. एकदोनदा मार खाल्लाय त्यावरून.

शाळेत मात्र या आवाजाचं कुणाला काही कौतुक नव्हतं. समूहगानाची पट्टी बाई लावायच्या ती सगळ्यांची. त्यात मी वर ताणून गायलो की फाटायचो आणि खाली गायलो की सगळ्यांना हसू यायचं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, ‘तू उभा राहा हो, पण फक्त ओठ हलव.’ आम्हाला दुसरा नंबर मिळाला. सर्टिफिकेट अजून आहे घरी. त्यावर माझं नाव आहे, आणि मी एक अक्षरही गायलेलो नाही!

त्यानंतर मी गाण्याच्या वाटेला गेलो नाही. बी. कॉम., मग पुणे, मग खराडीतली ही नोकरी. परदेशी कंपनीची बिलं आणि बँकेतल्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, ते बघायचं. दिवसभर एक्सेल. थोडक्यात, बाबा नोटा मोजायचे, मी त्यांचे आकडे मोजतो.

यात बदल झाला तो शेजारच्या टीममधल्या एका गोव्याच्या मुलीमुळे. नाताळच्या आधी ती मला ओढूनच त्यांच्या चर्चच्या कॉयरच्या प्रॅक्टिसला घेऊन गेली. ‘तू नुसता आवाज दे, बाकीचं आम्ही बघतो.’ तिथल्या सरांनी पियानोवर एक सूर वाजवला आणि म्हणाले, गा. मी गायलो. मग त्याच्या खालचा. मग त्याच्याही खालचा. सात-आठ पट्ट्या उतरून झाल्यावर त्यांनी पियानोवरचा हात काढला आणि मागे वळून जवळपास ओरडलेच, ‘बेस! बेस मिळाला!’ त्यांच्या चाळीस जणांच्या कॉयरमध्ये खालचा सूर धरणारे दोनच काका होते आणि त्यातल्या एकाचा गुडघा दुखत होता.

एकतीस वर्षांचा होतो मी तेव्हा. माझ्या आवाजाला नाव आहे, त्याची वेगळी रांग आहे आणि त्या रांगेत माणसांचा तुटवडा आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

मग काय, आपल्या पिढीची सवय. घरी गेलो आणि रात्री दोनपर्यंत शोधत बसलो. पाश्चात्त्य गाण्यात आवाजांची सरळ वाटणी असते. बायकांचा वरचा तो सोप्रानो, पुरुषांचा वरचा तो टेनर, सगळ्यात खालचा तो बेस. स्वरयंत्रातल्या पट्ट्या जितक्या लांब आणि जाड, तितक्या त्या सावकाश हलतात आणि आवाज खाली जातो. बेस गायक जिथपर्यंत उतरतो तिथे त्या सेकंदाला साधारण ऐंशीच वेळा हलतात. ऑपेरात तर आवाजावरून माणसाचं नशीब ठरतं. टेनर हीरो, त्याला हिरॉइन मिळते. बेसला मिळतो राजा, पुजारी, म्हातारा बाप, नाहीतर सरळ सैतान. मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधला धर्मगुरू बेस, गुनोच्या ‘फाउस्ट’मधला सैतान बेस, मुसोर्ग्स्कीचा पापाच्या ओझ्यानं वेडा होणारा झार बोरिस गोदुनोव, तोही बेसच गातात. हिरॉइन मिळणार नाही, हे मला माहीतच होतं. पण राजा? राजा चालेल की!

तिथेच मला फ्योदोर शाल्यापिन भेटला. हा रशियन बेस ऑपेरातल्या सगळ्यात मोठ्या गायकांमध्ये धरला जातो. १८७३ मध्ये कझान शहरात जन्म. घरात गरिबी, वडील कारकून आणि दारूडे. पोराला चांभाराच्या हाताखाली ठेवलं, मग कचेरीत कागदांच्या नकला करायला बसवलं. मग तो फिरत्या नाटक कंपन्यांच्या मागे लागला, उपाशी राहिला आणि १८९२ मध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीला पोचला. तिथे त्याला नोकरी लागली. कुठे माहितीये? रेल्वेच्या हिशेब खात्यात!

दिवसा रेल्वेचे आकडे आणि नंतर दिमित्री उसातोव नावाच्या गुरूकडे गाणं. उसातोवनं त्याच्याकडून फी घेतली नाही. १८९३ मध्ये तो तिफ्लिसच्या ऑपेरात उभा राहिला, १९०१ मध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरात सैतान गायला, १९२२ मध्ये रशिया सोडला आणि १९३८ मध्ये पॅरिसमध्ये गेला. नुसतं उभं राहून गायच्या ऑपेराला त्यानं अभिनय करायला लावला. हे सगळं मोठंच. पण मी अडकलो ते त्या हिशेब खात्यापाशी. रेल्वेचं बिल आणि रेल्वेचा भरणा जुळत नसेल तेव्हा शाल्यापिन काय करत असेल? तोंडातल्या तोंडात गुणगुणत असेल का? काच बोलत असेल का?

आणि मग मला बाबांची कॅसेट आठवली.

रविवारी सकाळी आमच्या घरात ‘कट्यार काळजात घुसली’ वाजायची. पोह्यांचा वास आणि खाँसाहेबांच्या ताना, असं ते कॉम्बिनेशन. कॅसेटची एक बाजू घासून घासून जाड झाली होती, ती लावली की वसंतराव देशपांडे पाण्याखालून गायल्यासारखे वाटायचे. तरी बाबा तीच लावायचे. मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. त्या वयात कुणाला कळतं?

वसंतरावही हिशेबनीस होते, हे बाबांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल. मिलिटरी अकाउण्ट्समध्ये, पुण्यात, २४ वर्षं. कॅशिअर माणसाला याचा कोण अभिमान! पण शाल्यापिन वाचेपर्यंत मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, नाहीतर जाणकार मंडळी मला सोडणार नाहीत. वसंतरावांचा आवाज बेस नव्हता. तो खर्जात रमणारा आवाजच नाही. टोकदार, चपळ, कुठून उडी मारेल आणि कुठे उतरेल याचा नेम नाही असा. पण आपल्याकडे ऑपेराच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, संगीत नाटक. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हापासूनची. आणि आपल्या नाटकात आवाजांची अशी वाटणी कधी झालीच नाही. नायक, खलनायक, म्हातारा, ज्याची जी पट्टी असेल त्यात तो गाणार. खालच्या आवाजाला वेगळी खुर्ची नाही. ‘कट्यार’मधला खाँसाहेब आफताब हुसेन बघा. गर्विष्ठ, दुखावलेला, दरबारात उशिरा जागा मिळालेला, कलेवर जीव आणि दुसऱ्याच्या कलेवर जळणारा. हे नाटक इटलीत लिहिलं असतं तर ही भूमिका डोळे झाकून बेसला गेली असती. आपल्याकडे ती वसंतरावांकडे गेली.

‘शाकुंतल’वरून आठवलं. आमच्या दारव्ह्यावरून एक गाडी जायची, शकुंतला. नाटकाशी संबंध नाही, पण नाव तेच. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. वऱ्हाडातला कापूस बंदराकडे न्यायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं टाकलेली लाइन. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. मी लहानपणी डिझेलवाली पाहिली. गार्डच उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की फाटक उघडायचा आणि मधल्या स्टेशनांवर तिकिटंही तोच फाडायचा. मल्टिटास्किंग काय ते आम्हाला एचआरनं शिकवायची गरज नव्हती. आता ती गाडी बंद आहे. दारव्हा मोतीबाग स्टेशनात रुळांवर गवत आहे.

तर या गाडीच्या एका टोकाला मूर्तिजापूर. तिथे २ मे १९२० रोजी वसंतराव जन्मले. आणि ज्यांनी ‘कट्यार’ लिहिलं आणि बसवलं ते पुरुषोत्तम दारव्हेकर, नागपूरचे दारव्हेकर मास्तर. आडनावातच आमचं गाव! बाबांचं म्हणणं असं की हे नाटक पुण्या-मुंबईचं नाहीच, ते शकुंतलेच्या लायनीवरचं आहे. संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचं आहे, हे मी त्यांना आठवण करून द्यायचो. ‘असू दे, पाहुणे लागतातच,’ असं उत्तर यायचं.

वसंतरावांना आईनं एकटीनं नागपुरात वाढवलं. शंकरराव सप्र्यांकडे गाण्याचे पहिले धडे. १९३५ च्या ‘कालियामर्दन’ सिनेमात भालजी पेंढारकरांनी त्यांना कृष्ण केलं. आजच्या भाषेत चाइल्ड स्टार. मग लाहोरला असद अली खाँ, पुण्या-मुंबईकडे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. त्यात मास्टर दीनानाथांच्या गाण्याचं लहानपणी लागलेलं वेड. जिथे जे मिळालं ते घेतलं. हे वाचायला छान वाटतं, पण त्या काळी गवयाला पहिला प्रश्न घराण्याचा असायचा, जसा आपल्याला कॉलेजचा असतो. आणि या माणसाच्या सीव्हीत चार कॉलेजं, त्यातलं एकही पूर्ण नाही! वसंतराव म्हणे सांगत, माझं घराणं माझ्यापासूनच सुरू होतं. किस्सा प्रसिद्ध आहे. लोक टाळ्या घेतात त्यावर. मला मात्र त्यात मुलाखतीत कोंडीत सापडलेल्या माणसाची हजरजबाबी ऐकू येते.

आणि मग नोकरी. १९४० च्या सुमाराला सुरू झालेली, मिलिटरीच्या हिशेबाची. लेखांमध्ये ही २४ वर्षं एका ओळीत संपतात. पुढच्या ओळीत लगेच टाळ्या. मी मात्र तिथे थांबतो, कारण ती ओळ माझी आहे. चोवीस वर्षं म्हणजे किती अप्रेझल? किती मार्चएण्ड? रात्रीची मैफल रंगात आलेली असताना सकाळच्या हजेरीची आठवण किती वेळा आली असेल? त्या काळात ते गातच होते. मैफलीत, नाटकात, सिनेमात. तबला उत्तम वाजवायचे. पु. ल. देशपांड्यांसारखा दोस्त बरोबर होता. पण पगार होता तो हिशेबाचा. साठच्या दशकात बदली झाली ती थेट नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. आपल्याला खराडीतून हिंजवडीला टाकलं तरी आपण राजीनाम्याचा ड्राफ्ट लिहायला घेतो!

नोकरी सोडली तेव्हा ते ४५ च्या आसपास होते. २४ डिसेंबर १९६७ रोजी प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनं ‘कट्यार’चा पहिला प्रयोग केला, तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. एकीकडे पंडितजी आणि समोर खाँसाहेब. अभिषेकींनी त्यात एक भारी गोष्ट केली आहे. एकच पद दोन चालींत दिलंय. पंडितजी गातात ते संथ, शांत, आणि खाँसाहेब तेच शब्द असे उधळतात की वाटावं, गाणं नाही, पैज आहे ही. शब्द तेच, माणूस दुसरा. तुम्ही दोन्ही एकामागोमाग एक ऐका. ऐकताना ऑफिसचा मेल उघडू नका, एवढंच.

बेस आवाज उशिरा पिकतो असं म्हणतात. टेनर तिशीत गाजतो, बेसला चाळिशी यावी लागते. वसंतराव बेस नव्हते, पण पिकले त्याच हिशेबानं.

पुढे १९७९ च्या ‘अष्टविनायक’मध्ये मुलीला सासरी पाठवणाऱ्या बापाचं गाणं त्यांनी गायलं. लग्नाचा व्हिडीओ करणाऱ्या प्रत्येक माणसानं ते एकदा तरी मागे टाकलेलं असतं. १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ३० जुलै १९८३ रोजी ते गेले, ६३ व्या वर्षी. एकदा कॅण्टीनमध्ये टिश्यूवर मी आकडेमोड केली. नोकरी २४ वर्षं. नोकरीनंतर नुसतं गाणं, जेमतेम १८. टॅली होत नाही. मी तो टिश्यू बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

राहुल देशपांडे या त्यांच्या नातवानं २०१० मध्ये ‘कट्यार’ पुन्हा रंगभूमीवर आणलं, २०१५ च्या सिनेमात तो खाँसाहेबांचा आवाज झाला आणि २०२२ मध्ये आलेल्या ‘मी वसंतराव’मध्ये त्यानं आजोबांचीच भूमिका केली, त्यातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. तो सिनेमा बघून आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड्सचा पूर आला. ‘पॅशन फॉलो करा’, ‘क्युबिकल सोडा’. टाकणारे सगळे सोमवारी नऊच्या ठोक्याला लॉगिन. मी चिडलोच. अरे, त्या माणसानं राजीनामा दिला हे खरं, पण त्याआधी २४ वर्षं दिला नाही, हेही खरं ना? घर चालवायचं होतं. त्याचं पोस्टर कुणी करत नाही.

मी इतका का चिडलो, ते सांगतो.

त्याच वर्षी पावसाळ्यात बाबांचं थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, त्यामुळे सगळ्यांनी देवाला नारळ फोडला. पण आवाजाची नस त्या गाठीला चिकटून होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाजावर परिणाम होऊ शकतो. बाबा तेव्हा म्हणाले, ‘कराजी, जीव महत्त्वाचा.’ ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले. वारं लागून कागद फडफडावा तसा आवाज आला. स्पीच थेरपी झाली, गरम पाण्याच्या वाफा झाल्या, आईचं ज्येष्ठमध झालं. थोडा फरक पडला. पण तो काच बोलवणारा आवाज गेला तो गेलाच. फोनवर ते आता ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच म्हणतात, बाकीचं आई सांगते. भजनी मंडळात जातात, पण मागे बसतात, झांजा घेऊन.

दिवाळीला गेलो होतो तेव्हा मी आतल्या खोलीतून कुणाला तरी हाक मारली. बाहेर आलो तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात लाटणं. म्हणाली, ‘काही नाही रे. मले वाटलं हेच बोलले.’ आणि आत गेली.

पुण्याला परत आलो तर इकडे मॅनेजर प्रमोशन घेऊन तयार. टीम लीड. पण शिफ्ट अमेरिकेची, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. म्हणजे कॉयर बंद, कारण त्यांची प्रॅक्टिस सात वाजता. आठ दिवस मी झोपलो नाही. नोकरी सोडावी का? सोडून काय करावं? फ्लॅटचा हप्ता वसंतराव भरणार नव्हते. शेवटी मी हो म्हटलं. हिरो असतो तर नाही म्हटलं असतं. मी बेस!

पण गाणं आता सोडवत नव्हतं. सोसायटीतल्या एका काकू सकाळी शास्त्रीय गाणं शिकवतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेटीवर काळी एक धरली, पुरुषांची नेहमीची पट्टी. मी गायला लागलो आणि वरच्या गंधारापाशी शाळेसारखाच फाटलो. मनात म्हटलं, आता या सांगणार, ओठ हलव. काकूंनी चष्मा वर केला, पेटीवर तीन पट्ट्या खाली सरकल्या, काळी पाचवर. ‘घे.’ मी सा लावला. तो असा बसला, जसा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीत माणूस बसावा. ‘अरे, काळी पाच तुझी,’ काकू म्हणाल्या, ‘बायकांची पट्टी. तू फक्त एक मजला खाली राहतोस.’ तेव्हापासून मी त्यांच्या मुलींच्या बॅचला बसतो. तानपुरा तोच, पट्टी तीच, पाच मुली वर आणि मी तळघरात. वेगळी सोय करावी लागली नाही. नववीतली एक मुलगी मला ‘बेसमेण्ट दादा’ म्हणते. जनरेटरपेक्षा बरं.

आणि खर्जाचा रियाज करायचा असतो पहाटे. झोपेतून उठल्यावर आवाज सगळ्यात खाली असतो, तेव्हा मंद्र सप्तकात एकेक सूर धरून बसायचं. आमचा हिशेब उलटा, मी त्या वेळी झोपायला आलेला असतो. चारला कॅब सोडते. चहा करतो. पाचला खिडक्या लावून सा लावतो, मग त्याच्या खालचा नी, ध, पंचम. अर्धा तास. मग झोप. पहिल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेले, की पहाटे पाण्याची मोटर चालू राहते, कुणीतरी बघा. वॉचमन टाकीपर्यंत जाऊन आला. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. कृपया तुम्हीही सांगू नका.

कधीकधी त्या अर्ध्या तासात मला मिलिटरी अकाउण्ट्सचं एक टेबल दिसतं. मी ते पाहिलेलं नाही. तरी दिसतं. लाल फितीच्या फायली, टाक, दौत आणि मागे बसलेला एक गृहस्थ, ज्याच्या डोक्यात या क्षणी मारवा चालू आहे आणि समोरच्या जवानाच्या भत्त्याची बेरीजही चालू आहे. दोन्ही बरोबर येतायत.

गेल्या महिन्यात चार दिवस घरी गेलो होतो. दुपारी बाबा आणि मी ओसरीवर बसलो होतो. त्यांचा मोबाइल वाजला. हल्ली ते उचलत नाहीत, माझ्याकडे सरकवतात. मी म्हटलं, ‘हॅलो?’

पलीकडे क्षणभर शांतता. मग पुसदकडचे त्यांचे एक जुने खातेदार, आवाज चढवून, ‘काय जी साहेब! आवाज आला वापस? कालच कोणीतरी सांगून राहिलं होतं का गेला म्हणून!’

मी बाबांकडे बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. थांब. मग त्याच हातानं खूण केली, बोल.

‘हो जी,’ मी म्हटलं. ‘आला.’

‘मंग या वर्षी एकादशीले म्हणा लागते तुम्हाले. नाही म्हणू नका.’

बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग पुढे वाकले, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या कागदी आवाजात म्हणाले, ‘विचार त्याला, पेटी कोणाची आहे. काळी पाच लागते म्हणावं.’